निळे ओठ आणि सल्लागार मंडळी

माझी मुलगी रडली की निळी पडायची. आधी ओठ, मग नखं. हे घरात सगळ्यांना दिसत होतं आणि प्रत्येकानं त्याचा आपापल्या सोयीचा अर्थ लावून टाकला होता. सासूबाईंच्या मते पोर गोरी होती. "गोऱ्या कातडीवर थंडी लगीच दिसती," असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या. तेव्हा एप्रिल चालू होता आणि पौडमध्ये पत्र्याखाली बसवत नव्हतं. नवऱ्याच्या मते ती रागीट होती, म्हणजे माझ्यावर गेली होती. आणि मी? मी हायस्कूलची मराठीची शिक्षिका, दोन पदव्या भिंतीवर टांगलेल्या. मी मोबाइलवर 'बाळ निळे का पडते' असं शोधलं, पहिल्याच उत्तरात 'हृदय' हा शब्द दिसला, आणि मी मोबाइल उशीखाली सरकवून दिला. सासूबाईंचं थंडीचं कारण मला एकदम पटायला लागलं.

शेवटी ते सरकारी दवाखान्यातल्या सिस्टरच्या लक्षात आलं. साडेतीन महिन्यांची लस द्यायला पोरीला घेऊन गेले होते. सुई टोचली, पोरीनं हंबरडा फोडला आणि नेहमीसारखी निळी झाली. सिस्टरनं हातातला कापूस खाली ठेवला.

"बाई, हिला कुना मोठ्या डाक्टरला दावलंय का?"

"ती गोरी आहे ना, म्हणून तसं दिसतं," मी म्हटलं.

सिस्टरनं पोरीचं बोट माझ्यासमोर धरलं. "गोरी असंल. आत्ता जांभळी हाय."

पुढच्या आठवड्यात पुण्यातल्या लहान मुलांच्या हृदयाच्या डॉक्टरांनी टूडी इको केली. मग एक कोरा कागद घेऊन हृदय काढलं. हृदयात चार खोल्या असतात, खालच्या दोन खोल्यांमधल्या भिंतीला भोक आहे, आणि फुप्फुसाकडे जाणारा रस्ता अरुंद आहे, त्यामुळे खराब रक्त फुप्फुसात जाण्याऐवजी भोकातून पलीकडे जातं आणि अंगभर फिरतं. जन्मतःच असं आहे. कुणामुळे झालेलं नाही. ऑपरेशन करावं लागेल, पण वजन थोडं वाढू द्या.

माझ्या डोक्यात 'ऑपरेशन'च्या पुढचं काही शिरलं नाही. नवरा मात्र कागदावर वाकला. त्याचं पौडच्या बाजारात हार्डवेअरचं दुकान आहे.

"म्हणजे डॉक्टर, एक इंची लाइनला अर्ध्याचा रिड्युसर बसलाय, आणि प्रेशर वाढून मधल्या भिंतीतून पाणी पलीकडच्या टाकीत चाललंय."

डॉक्टरांनी कागद स्वतःकडे फिरवून पाहिला. "बऱ्यापैकी बरोबर आहे."

त्या तीन शब्दांनी आमच्या घरात एक हृदयरोगतज्ज्ञ जन्माला आला. पुढे दुकानात पाइप न्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला तो एल्बो आणि टी हे पाइपचे जोड हातात घेऊन मुलीचं हृदय समजावून सांगायचा. मी चिडायचे. खूप नंतर मला कळलं, की दुकानाच्या मागं गोण्यांवर बसून रडताना त्याला दोनदा गिऱ्हाइकांनी पाहिलं होतं. एल्बो हातात असला की तो रडत नव्हता एवढंच.

घरी आल्यावर सल्लागार मंडळाची पहिली बैठक भरली. अध्यक्षस्थानी सासूबाई. प्रमुख पाहुण्या म्हणून माझ्या मोठ्या नणंद, ज्यांना आम्ही आपा म्हणतो. आपा मारुंजीला असतात. तिथं त्यांच्या जागेवर चार मजले उभे राहिलेत आणि सगळ्या खोल्या हिंजवडीच्या नोकरदारांना भाड्यानं दिल्यात. तेव्हापासून आपाचं सगळं ज्ञान तिसऱ्या मजल्यावरच्या एका भाडेकरू मॅडमकडून येतं.

सासूबाईंनी थेट चौकशी सुरू केली. "गरवार असताना गिराण लागलं व्हतं. तवा भाजी चिरलीस का?"

"नाही."

"सुई-दोरा घेतलास?"

"नाही अम्मी. मी नववीचे पेपर तपासत होते."

"कशानं?"

"लाल पेननं."

सासूबाई आणि आपांनी एकमेकींकडे बघितलं. प्रकरणाचा निकाल लागला. डॉक्टर म्हणाले होते 'कुणामुळे झालेलं नाही', पण त्यांना लाल पेनबद्दल माहीत नव्हतं.

आपांनी मोबाइल काढला. "आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या मॅडम म्हणतात, ऑपरेशनची घाई करू नका. बीटचा रस द्या. भोकं आपोआप बुजतात."

"चार महिन्यांच्या बाळाला बीट?"

"त्या मोठ्या कंपनीत आहेत," आपा म्हणाल्या.

मग आपांनी खरा मुद्दा काढला. आवाज खाली आणून, जणू पाळण्यातलीला ऐकू जाऊ नये. "छाती मधोमध कापतात म्हणं. वरपासून खालपर्यंत. मुलीची जात हाय. उद्या लग्नाच्या वक्ताला दाखवायची कशी?"

पाळण्यातलीचं वजन तेव्हा पाच किलो होतं. तिच्या लग्नाच्या बोलण्यांत मला अजून रस निर्माण झाला नव्हता. मी तोंड उघडणार, तेवढ्यात सासूबाईच म्हणाल्या, "लगीन करायला आदी जिती तर ऱ्हाऊ दे. तुझी बीटं तुझ्या मॅडमला खायाला घाल." आणि उठून आत गेल्या. लाल पेनचा गुन्हा त्यांनी मला आजतागायत माफ केलेला नाही, पण त्या दिवसापासून ऑपरेशनच्या विरोधात घरात कुणी शब्द काढला नाही.

डॉक्टरांनी एक गोष्ट बजावून शिकवली होती. पोर एकदम जास्त निळी पडली, धापा टाकायला लागली, तर तिचे गुडघे दुमडून छातीशी घट्ट दाबून धरायचे आणि तसंच दवाखान्यात यायचं. मी ते घरी बाहुलीवर करून पाहिलं होतं. बाहुली निळी पडत नाही आणि बाहुलीभोवती माणसं जमत नाहीत.

पोर आठ महिन्यांची असताना तपासणीला निघाले होते. नवऱ्याला सिमेंटची गाडी उतरवून मागून यायचं होतं, म्हणून मी एकटीच पौडहून एसटीत बसले. भूगाव मागं पडलं आणि पोर किरकिरायला लागली. बघता बघता ओठ शाईसारखे झाले. मान टाकली. मी तिला मांडीवर घेतलं, गुडघे दुमडले आणि दाबून धरले.

गाडीतले सगळे एका मिनिटात डॉक्टर झाले.

"फिट आलीय. कांदा हुंगवा, कांदा." आणि मागच्या पिशवीतून खरोखर एक कांदा पुढं आला.

"कांद्यानं काय होतंय? चप्पल लावा नाकाला." चप्पलही आली. कुणाची होती कोण जाणे, शेणानं भरलेली.

शेजारच्या बाईनं माझा दंड धरला. "अगं बया, पोरीला दाबून मारती का काय! सोड की तिला, वारं लागू दे!"

"मावशी, हात काढा," मी म्हणाले. मी विद्यार्थ्यांवर कधी इतका आवाज चढवला नव्हता. "हृदयाचा आजार आहे. असंच धरायचं असतं."

"एवढ्या लहान पोराला हार्टचं कसं असंल? काही बी सांगती," मागून एकजण म्हणाला. त्याच्या मते हृदयविकार ही चाळिशीनंतर मिळणारी गोष्ट होती.

कंडक्टरनं एकदाच वाकून पोरीच्या ओठांकडे पाहिलं, मग दोरी ओढून ड्रायव्हरला काहीतरी ओरडून सांगितलं. गाडी मधल्या एकाही थांब्यावर थांबली नाही. बावधनला रस्त्याकडेच्या एका दवाखान्याच्या दारात ती अख्खी एसटी उभी राहिली. मी उतरत होते तेव्हा तीन माणसं भांडत होती, कारण त्यांचा थांबा मागं राहिला होता. एकानं कंडक्टरचा नंबर लिहून घेतला, तक्रार करायला. आणि जिनं माझा दंड धरला होता ती मावशी माझी पिशवी, पोरीची फाइल आणि एक चप्पल घेऊन माझ्यामागं धावत आत आली. माझी चप्पल गाडीत सुटली होती, हे मला माहीतसुद्धा नव्हतं. ती तासभर माझ्याजवळ बसली. या तासात तिनं मला पोरीला दृष्ट लागल्याचं सात वेळा सांगितलं. मी सातही वेळा मान हलवली.

त्यानंतर डॉक्टर वजनाची वाट बघत बसले नाहीत. नवव्या महिन्यात ऑपरेशन झालं. साडेपाच तास. त्या साडेपाच तासांबद्दल मला लिहिता येईल असं वाटलं होतं, पण आठवतो तो फक्त बाकड्याचा फाटलेला रेक्झिन आणि त्यातून मी उपसून काढलेला स्पंज. सर्जन बाहेर आले तेव्हा माझ्या पायाशी स्पंजचा लहानसा ढीग होता. ते म्हणाले, "झालं, ठीक आहे." नवऱ्यानं विचारलं, "रिड्युसर काढला?" ते सर्जन आमच्यासाठी नवीन होते, त्यांना काही कळलं नाही. तरी ते 'हो' म्हणाले.

दोन दिवसांनी नळ्यांच्या जंजाळातून मला तिचे ओठ दिसले. गुलाबी होते. नऊ महिने जिचा चेहरा पाठ केला होता, ती मला अनोळखी वाटली. ही कुणाची मुलगी आणून ठेवली, असा विचार मनात येऊन गेला, खोटं कशाला बोलू.

आम्ही पौडला परतलो तर चौकात फ्लेक्स लागला होता. तालुक्यात एक भाऊ आहेत. ते गेली कित्येक वर्षं पुढच्या निवडणुकीला उभे राहणार आहेत. नवऱ्यानं ऑपरेशनआधी त्यांच्याकडे एक शिफारसपत्र मागितलं होतं. ते पत्र आम्हाला मिळालं, टाके काढल्यावर. फ्लेक्स मात्र वेळेत होता. 'चिमुकलीला जीवनदान! भाऊंच्या अथक प्रयत्नांना यश!' मध्ये भाऊ हात जोडून, माणसाच्या उंचीचे. वर त्यांच्या मार्गदर्शकांचे गोल गोल फोटो, खाली शुभेच्छुकांची रांग. सर्जन कुठंच नव्हते. माझी मुलगी उजव्या कोपऱ्यात, भाऊंच्या घड्याळाएवढी. फोटो नवऱ्याच्या स्टेटसवरून उचलला होता, ऑपरेशनआधीचा. छापणाऱ्यानं तिचे ओठ लाल करून टाकले होते. सर्जनना ज्याला साडेपाच तास लागले, ते त्यानं बहुधा दोन मिनिटांत उरकलं असणार.

मी म्हटलं, "उतरवायला सांगा."

नवरा म्हणाला, "राहू दे. लोक दुकानात येऊन अभिनंदन करतायत."

"भाऊंचं?"

"माझं पण."

सासूबाई रोज संध्याकाळी चौकापर्यंत चालत जायच्या आणि फ्लेक्सवरच्या नातीला बघून यायच्या. पावसाळ्यात तो फाटेपर्यंत त्यांनी हा नेम सोडला नाही.

इथवर मी सगळ्यांची टिंगल करून घेतली आहे. आता माझं सांगते.

मुलगी मोठी झाली, मी शिकवते त्याच संस्थेच्या प्राथमिक शाळेत जायला लागली. पहिल्याच दिवशी मी पीटीच्या सरांना चिठ्ठी दिली, की हिला पळवू नका, कवायत नको, खो-खो नको, दोरीवरच्या उड्या नकोत. पीटीचे सर इथलेच, ताम्हिणीच्या बाजूचे, बोलायला रोखठोक. त्यांनी चिठ्ठी वाचून विचारलं, "मग हिनं करायचं काय?" मी म्हटलं, "बसू द्या." त्यामुळे पहिली ते तिसरी, वर्ग मैदानावर गेला की माझी मुलगी कडेला बसून इतरांचे स्वेटर सांभाळायची. आम्ही स्टाफरूममध्ये बसलो की मी आपांचं बीट, एसटीतला कांदा, चौकातला फ्लेक्स, सगळं रंगवून सांगायचे. लोक पोट धरून हसायचे. आपल्याकडे आजाराबद्दल किती अज्ञान आहे, यावर मी एकदा परिपाठात दहा मिनिटं बोललेही.

आणि त्याच काळात माझ्या कपाटातल्या फाइलमध्ये डॉक्टरांचं एक पत्र होतं. ती दुसरीत असताना वार्षिक तपासणीत त्यांनी लिहून दिलं होतं, की ही मुलगी शाळेतले सगळे खेळ खेळू शकते, पळू शकते, दमली तर तिला तिच्या मनानं थांबू द्यावं. मी तेव्हा त्यांना विचारलं होतं, "नक्की?" ते म्हणाले, "तिला बसवून ठेवू नका. नुकसान त्यानंच होईल." मी हो म्हटलं, पत्राची घडी घातली आणि ते सगळ्या रिपोर्टांच्या खाली ठेवलं. नवऱ्यालाही दाखवलं नाही. दीड वर्षं. सासूबाईंनी ग्रहणावर विश्वास ठेवला, पण निदान डॉक्टरांचं पत्र तरी लपवलं नव्हतं.

चौथीत असताना एक दिवस ती गुडघा फोडून घरी आली.

"कुठं पडलीस?"

"मैदानावर."

"बसल्या बसल्या?"

तिनं मोजा वर ओढला. मग म्हणाली, "पळताना."

दुसऱ्या दिवशी मी पहिल्या तासाआधी सरांना गाठलं. हातातल्या खडूचे तुकडे झाले. "तुम्हाला लेखी दिलं होतं ना? काही झालं असतं तर जबाबदारी कुणाची?"

सरांनी शिट्टी गळ्यातून काढली, खिशातून पाकीट काढलं आणि त्यातून वहीचा एक चौकोनी कागद माझ्या हातात दिला. "मला बी लेखीच आलंय, बाई."

माझ्या मुलीचं अक्षर. डॉक्टरांचं पत्र तिनं फाइलमधून शोधून जसंच्या तसं उतरवून काढलं होतं. इंग्रजीत, स्पेलिंगच्या अकरा चुकांसह, त्या मी सवयीनं मोजल्या. तारीख, दवाखान्याचा पत्ता, सगळं. खाली सहीच्या जागी कंसात मराठीत लिहिलं होतं, 'इथे डॉक्टरांची सही आहे. ती मला काढता येत नाही. खरं पत्र आईकडे आहे.'

"कधी दिलं हे?"

"जूनमंदी. म्या तिला म्हनलं, आईला सांगून ये. ती म्हनली, आईला ठावं हाय, आई भेतीय. मग म्या डाक्टरांना फोन लावला. पत्त्याखाली नंबर व्हता. ते म्हनले, पळू द्या. तवापास्नं पळतीय. दमली की थांबती, दुसरं काय?"

"मला का नाही सांगितलंत?"

"तुमी भेत व्हता, बाई," सर म्हणाले. टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर मला परतवता आला असता.

मी त्यांच्यावर आणखी थोडं ओरडले, कारण सुरू केलं होतं. मग वर्गावर गेले आणि फळ्यावर तारीख चुकीची लिहिली. घरी आल्यावर खरं पत्र काढून नवऱ्यासमोर ठेवलं. त्यानं ते दोनदा वाचलं. पाइपची एकही उपमा दिली नाही. "दीड वर्षं?" एवढंच म्हणाला आणि दुकानात निघून गेला. तीन दिवस आमचं बोलणं चहा-जेवणापुरतं होतं. मुलीची माफी मी भांडी घासताना, तिच्याकडे पाठ करून मागितली. ती म्हणाली, "बरं." मग विचारलं, "क्रीडास्पर्धेत नाव देऊ?"

शंभर मीटरला सहा मुली होत्या. सासूबाई खुर्ची घेऊन पहिल्या रांगेत. नवरा दुकान बंद करून आलेला. शिट्टी वाजली आणि सगळं मैदान "पळ, पळ!" करून ओरडायला लागलं. त्यात एकटीच बाई "हळू! हळू!" म्हणून किंचाळत होती. मराठीची शिक्षिका, पदव्या दोन. माझे विद्यार्थी वळून माझ्याकडे बघायला लागले. माझी मुलगी पण वळली, धावता धावता, अर्ध्या रस्त्यात.

ती पाचवी आली. ओठ गुलाबी होते, मी पहिलं तेच बघितलं. ती गुडघ्यांवर हात ठेवून उभी होती, धापा टाकत, आणि माझ्याकडे भयंकर रागानं बघत होती.

"तू ओरडलीस म्हणून मी मागं बघितलं. चौथी आले असते."

"चौथीला पण बक्षीस नसतं," मी म्हणाले. आई म्हणून मला सुचलेलं वाक्य हे.

"चौथी आले असते," ती पुन्हा म्हणाली आणि आजीकडे निघून गेली. सासूबाई तोवर शेजारच्या खुर्चीवरच्या अनोळखी बाईला सांगत होत्या, की नात पहिलीच आली असती, पण सुनेनं नजर लावली. या वेळी त्यांचं म्हणणं अगदीच चूक होतं असं मला म्हणता येईना.

यंदाच्या तपासणीत डॉक्टर म्हणाले, फुप्फुसाकडच्या रस्त्यातल्या झडपेतून रक्ताची गळती थोडी वाढली आहे. मोठी झाली की कधीतरी झडप बदलावी लागेल. कधी, ते आज सांगता येत नाही. नवऱ्यानं 'वॉशर' हा शब्द तोंडापर्यंत आणून गिळला. मुलगी आता अशा गोष्टी बाहेर बसून ऐकत नाही, आमच्या मधल्या खुर्चीवर बसते.

"तोपर्यंत पळू ना?" तिनं डॉक्टरांना विचारलं. ते हो म्हणाले.

परतताना ती दुचाकीवर आम्हा दोघांच्या मध्ये बसली होती. चांदणी चौकातल्या गोंगाटात तिनं मागं वळून माझ्या कानाशी ओरडून विचारलं, पुढच्या वर्षी दोनशे मीटरला नाव देऊ का.

"विचारून सांगते," मी म्हणाले.

"कुणाला विचारून? डॉक्टर आत्ताच हो म्हणाले."

खरंच कुणाला विचारणार होते, ते मला सांगता आलं नाही. "दे," मी म्हणाले. मागून ट्रक हॉर्न वाजवत होता, म्हणून तिला ऐकू गेलं नाही. मला पुन्हा, मोठ्यानं म्हणावं लागलं.